मधनं मोजलेलं

बिलियर्डच्या टेबलांवर माझ्या उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि खऱ्या टेबलाला मी आजवर हात लावलेला नाही. म्हैसुरातल्या एका क्लबात कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणाला गेलो होतो तेव्हा उघड्या दारातून हिरवं कापड दिसलं, तेवढीच आमची ओळख. घरच्यांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. आमच्या एका काकांनी तर सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं की धाकटा कॉलेजात गणित शिकवतो खरा, पण डॉक्टरेट करतोय ती क्लबातल्या खेळावर. मुली सांगून येण्याच्या माझ्या वयात त्याचा व्हायचा तो परिणाम झाला.

माझं टेबल कागदावरचं. त्याला कापड नाही, भोकं नाहीत, घर्षण नाही. चेंडू म्हणजे नुसता एक ठिपका. तो सरळ रेषेत जातो, काठावर आपटतो, ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे निघतो आणि कधीच थांबत नाही. टेबल चौकोनी नसतं. त्याचा काठ सगळीकडून बाहेर फुगलेला असतो, नदीतल्या गोट्यासारखा. कुठे कोपरा नाही, कुठे आत गेलेली खाच नाही. अशा आकाराला बहिर्वक्र म्हणतात. प्रश्न एवढाच, की अशा टेबलावर सोडलेला ठिपका फिरून फिरून कधी पहिल्या जागी, पहिल्याच दिशेनं येतो का. आला, तर पुढे तो तीच वाट पुन्हा पुन्हा गिरवत राहणार. अशा वाटेला आवर्ती मार्ग म्हणतात.

टेबल कसलंही असो, काठ गुळगुळीत आणि बहिर्वक्र असला की त्यावर असे मार्ग असतातच, हे माझ्या जन्माच्या आधीच सिद्ध झालेलं होतं. तीन आपटींचा मार्ग हवा असेल तर टेबलात बसणाऱ्या सगळ्या त्रिकोणांतला सर्वांत मोठ्या घेराचा त्रिकोण शोधा. ठिपका त्याच त्रिकोणावरून फिरत राहतो. चार आपटी, पाच आपटी, हव्या तेवढ्या. सगळ्यांत साधा मार्ग दोन आपटींचा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची सर्वांत लांब रेषा घ्या. ठिपका तिच्यावरून जातो, पलीकडच्या काठाला अगदी काटकोनात आपटतो, आल्या वाटेनं मागे फिरतो आणि अलीकडे पुन्हा काटकोनात आपटतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. टेबल जिथे सर्वांत अरुंद असतं तिथेही असाच एक मार्ग सापडतो. म्हणजे असे दोन तर कुठल्याही टेबलावर मिळतात.

आता वाटतं, हे इतक्या साध्या शब्दांत मला सांगता येतं तर प्रबंध लिहीत होतो त्या वर्षी का सांगितलं नाही. त्या वर्षी कुणी विचारलं की मी म्हणायचो, तुम्हाला नाही कळायचं. शिकलेल्या माणसाचा माज अंगावर दिसत नाही, म्हणून तो लवकर उतरतही नाही.

ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. वडील माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी गेले. त्यानंतर अण्णानं आपलं शिक्षण आयटीआयवर थांबवलं, मला मात्र थांबू दिलं नाही. तो, वैनी आणि मी, अशी तीन माणसं म्हैसुरातल्या आमच्या घरात राहत होतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या घोडदळातून इकडे आले असं म्हणतात. घोडं कुणी पाहिलेलं नाही, भाषा मात्र राहिली. म्हणजे राहिली असं आम्हाला वाटतं. पुण्याहून आलेल्या माणसाला आमचं निम्मं बोलणं कळत नाही, कारण आमचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये जाऊन बसतं.

अण्णा मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तपासणीचं काम करायचा. तिथे यंत्रांचे सुटे भाग बनत. त्याच्या टेबलावर पोलादी पिना यायच्या, बोटाएवढ्या जाड. मायक्रोमीटरच्या जबड्यात पिन धरायची, जाडी वाचायची, पिन थोडी फिरवायची, पुन्हा वाचायची, आणखी फिरवायची, तिसऱ्यांदा वाचायची. कार्डावर तीन रकाने असत आणि तीन आकडे लिहावे लागत. तिन्ही जुळले की सही. अठरा वर्षं त्यानं हे केलं. घरातही त्याची ती खोड जात नसे. सुताराकडून आलेलं स्टूल तो आधी पालथं करून बघायचा. वैनीच्या चपातीला एका अंगानं जाड म्हणायचा आणि बोलणी खायचा. एखादी वस्तू बोटांत फिरवून 'अर्धा दोरा कमी आहे' म्हणाला, तर तो अर्धा दोरा कमी असायचाच. आमच्या गल्लीत अण्णाचा हात म्हणजे अण्णाचा शब्द, असं लोक मानत.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या ताटाच्या डावीकडे एक शोधनिबंध उघडा होता. जेवताना वाचू नये असं वैनी दर रविवारी सांगायची आणि मी दर रविवारी वाचायचो. अण्णा बराच वेळ भात कालवत होता. मग त्यानं मला विचारलं.

"मधनं मोजलं तर तिन्हीकडं ओंदे येतंय. मत्ते ते गुंडगं नाही, असं होतं का रे?"

ओंदे म्हणजे एकच, मत्ते म्हणजे 'आणि', गुंडगं म्हणजे गोल. आमच्या घरात गोल हा शब्द कुणी वापरत नसे. मी मान वर न करता म्हणालो, असं होत नाही. मधनं सगळीकडे सारखं असणं म्हणजेच गोल, ती व्याख्याच आहे, शाळेतल्या मुलांनाही ती येते. अण्णानं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, नक्की का? मी म्हणालो, नक्की. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मग मी ताक मागितलं आणि पान उलटलं.

तो हे का विचारतोय ते मी विचारलं नाही. कारखान्यात काहीतरी भानगड आहे एवढं माझ्या कानावर होतं. काय ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही वैनीकडून. बाहेरगावच्या गिऱ्हाईकानं पिनांची एक आख्खी खेप नाकारली होती. पिना छिद्रात बसत नाहीत, त्या गोलच नाहीत, असा कागद आला होता. पिना आल्या नव्हत्या, नुसता कागद आला होता. कारखान्यातल्या साहेबांनी अण्णाची कार्डं काढली. प्रत्येक पिनेपुढे तिन्ही रकान्यांत एकच आकडा. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: पिना गोल नाहीत, तर तीन बाजूंनी तीन वेगळे आकडे यायला हवे होते. ते आले नाहीत, म्हणजे तू एकदाच मोजलंस आणि उरलेले दोन आकडे उतरवून काढलेस, किंवा तेही केलं नाहीस. अण्णानं शनिवारी दोन दिवसांची मुदत मागून घेतली होती. माझा भाऊ गणिताचा लेक्चरर आहे, त्याला विचारून सांगतो, असं तो साहेबांना म्हणाला होता.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सोमवारी सकाळी अण्णानं जाऊन जे खरं ते सांगितलं: भावाला विचारलं, तो म्हणतो असं होऊच शकत नाही. मग साहेबांनी त्याच्यापुढे कन्नडमध्ये टाइप केलेला कागद ठेवला. न मोजता आकडे भरले, अशा अर्थाचा. अण्णानं सही केली. त्याला तपासणीवरून काढून स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. तिथे कुणी चिठ्ठी दिली की त्याप्रमाणे नट-बोल्ट काढून द्यायचे. माप घ्यायचं काहीच नाही, नुसते नग मोजून द्यायचे.

संध्याकाळी अण्णा सायकल लावून आत आला आणि माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलला. तू म्हणालास तसंच निघालं, म्हणाला. त्यावर मी काय म्हणालो ते लिहायला आजही हात जड होतो, पण लिहिलं नाही तर या सगळ्याला अर्थ नाही. मी म्हणालो, "अण्णा, मोजायचं होतंस."

तो पायावर पाणी घेऊन आत गेला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला नाव देता येणार नाही, पण ते रोज वाढत गेलं. अण्णा दाराला कुलूप लावून रस्त्यावर जायचा आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचा. पुन्हा निघायचा आणि वैनीला विचारायचा, मी लावलं ना गं? गॅस बंद केल्यावर तो आधी बटणाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघायचा. बाजारातून आणलेल्या वस्तू पिशवीतून काढून परत पिशवीत भरायचा आणि परत काढायचा. सुतारानं दाराची नवी चौकट आणली तेव्हा त्यानं ती पालथी करून पाहिली नाही. तूच बघ, असं तो मला म्हणाला. मला त्यातलं काय कळतं, मी 'चांगली आहे' म्हणालो. पुढे पावसाळ्यात ते दार लागेना. वैनी पहिल्यांदा चिडली, मग गप्प झाली. तिला काय वाटत होतं हे तिनं मला सांगितलं नाही, पण एकदा शेजारणीशी बोलताना मी ऐकलं. ह्यांनी अठरा वर्षांत असं कधी केलं नाही, ती म्हणत होती, पण सही तर ह्यांनीच केली, अल्वा, नाही का?

मला राग यायचा. खरं सांगायचं तर अण्णाचाच राग यायचा. माणसाकडून चूक होते, कबूल करावी आणि पुढे जावं, त्याचं एवढं काय, असं मला वाटायचं. माझा प्रबंध त्या वर्षी संपायला हवा होता आणि घरात शांतता नव्हती.

प्रबंधात एक छोटी पायरी होती. मोठ्या प्रमेयाकडे जाताना मध्ये लागणारी, दोन परिच्छेदांची. कुठल्याही टेबलावर दोन आपटींचे दोन मार्ग असतात, हे वर सांगितलंच. मी विचारलं होतं, असं एखादं टेबल असेल का की ज्याच्या काठावरच्या प्रत्येक बिंदूपासून असा मार्ग निघतो? कुठूनही काटकोनात ठिपका सोडला की तो आरपार जाऊन पलीकडे काटकोनातच आपटतो आणि परत येतो? वर्तुळात हे होतंच. मी लिहिलं होतं की ते फक्त वर्तुळातच होतं. कारण असं: एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर सरकत गेलं तर त्याची लांबी बदलत नाही, कारण दोन्ही टोकांना काटकोन आहे. म्हणजे सगळ्या आरपार रेषांची लांबी एकच. म्हणून ते टेबल वर्तुळ आहे.

माझे मार्गदर्शक वयानं मोठे होते आणि कमी बोलायचे. त्यांनी ते पान वाचलं आणि शेवटच्या वाक्यातल्या 'म्हणून' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. हे 'म्हणून' कुठून आलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते तर उघड आहे. उघड आहे तर दोन ओळींत लिहून आणा, ते म्हणाले.

त्या दोन ओळी लिहायला मी तीन आठवडे घालवले. लिहायला बसलं की पेन थांबायचं. सगळ्या आरपार रेषा सारख्या, इथपर्यंत मी यायचो. त्या सगळ्या एकाच बिंदूतून जातात, हे सिद्ध झालं असतं तर काम झालं असतं. पण त्या तशा जायला तयार होईनात. एका दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी विद्यार्थ्याचा कंपास घेतला आणि उलटं करून बघायचं ठरवलं: त्या रेषा एका बिंदूतून जाणारच नाहीत असं काही काढता येतं का? एक समभुज त्रिकोण काढला. त्याच्या बाजू दोन्हीकडे थोड्या वाढवल्या. प्रत्येक कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून जवळच्या बाजूला लहान कमान काढली आणि समोरच्या बाजूला मोठी. सहा कमानी एकमेकींना गुळगुळीत जुळल्या. कोपरा कुठे राहिला नाही. जो आकार झाला तो बघताक्षणी गोल वाटेल असा, पण गोल नव्हे. तीन ठिकाणी किंचित बाहेर आलेला. तो पुठ्ठ्यातून कापला आणि दोन फूटपट्ट्यांच्या मध्ये धरून फिरवला. पट्ट्यांमधलं अंतर बदललं नाही. कसाही फिरवला तरी रुंदी तीच.

हा आकार जुनाच आहे, पुस्तकांत आहे, हे मला नंतर कळलं. अभ्यासू माणसाला तो माहीत असायला हवा होता. पण त्या दुपारी लाज वाटायला तेवढाही वेळ मिळाला नाही. मी दोन पट्ट्यांच्या मधल्या त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो आणि मला मायक्रोमीटरचा जबडा दिसला. जबडा आणि पट्ट्या एकच. तिन्हीकडून ओंदे. आणि गुंडगं नाही.

मग तो शब्द मला कळला. मधनं. मराठीत मधून म्हणजे मध्यापासूनही, आणि मधून म्हणजे आरपारही. मध्यापासून सगळीकडे सारखं असलं तर ते गोलच, ती शाळेतली व्याख्या. मी त्या अर्थाचं उत्तर दिलं होतं. अण्णानं विचारलं होतं ते आरपार मोजल्याबद्दल. कन्नडमध्ये विचारलं असतं तर दोन वेगळे शब्द आले असते. इंग्रजीत विचारलं असतं तर एक त्रिज्या झाली असती आणि एक व्यास. आमच्या घरच्या भाषेत दोन्हींना मिळून एकच शब्द होता आणि त्या एका शब्दात माझा भाऊ अडकला.

त्या शब्दावर जबाबदारी टाकून मी काही दिवस बऱ्यापैकी झोपलो. पण ते खोटं आहे. त्या रविवारी हुळीत, म्हणजे आमच्याकडच्या सांबारात, शेवग्याच्या शेंगा होत्या. दुसऱ्यांदा विचारताना अण्णानं शेंगेचा एक तुकडा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरला होता आणि तो फिरवत होता. मायक्रोमीटरमध्ये पिन फिरवतात तसा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाहिला होता. शेंगेलासुद्धा तीन कडा असतात. मी पाहिलं आणि वाचत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर ताटाशेजारी कळसा धरला होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा धरून बसायला नको. मी कारखान्याला सविस्तर पत्र लिहिलं, आकृत्या काढून. जाऊन भेटलोही. साहेब सभ्य होते. त्यांनी आकृत्या पाहिल्या, मान हलवली, चहा मागवला. मग म्हणाले की प्रकरण बंद झालं आहे आणि कर्मचाऱ्याची स्वतःची कबुली फाइलला आहे. ती नसती तर गोष्ट वेगळी होती. निवृत्त होईपर्यंत अण्णा स्टोअरच्या खिडकीवरच बसला.

पण हे सगळं नंतरचं. कारखान्याआधी मला घरी सांगायचं होतं आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती. आमच्या शेजारच्या गल्लीत शिसवीवर जडावाचं काम करणारे एक कारागीर राहत. त्यांच्याकडून मी तो आकार लाकडातून कापून, घासून घेतला. त्यांनी विचारलं, हे कसलं झाकण? मी म्हणालो, शाळेसाठी आहे. चार दिवस ते लाकूड माझ्या पिशवीत होतं. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, कॉफी झाल्यावर मी ते अण्णाच्या समोर ठेवलं.

अण्णानं आधी ते नुसतं पाहिलं. मग उचललं आणि बोटांत फिरवलं. पाच महिन्यांत त्यानं कुठलीच वस्तू तशी फिरवलेली मी पाहिली नव्हती. गुंडगं नाही, म्हणाला लगेच. तीन अंगांनी उठलंय. मी म्हणालो, मोज. जाडी मोजायचा त्याचा स्वतःचा एक व्हर्नियर होता, ट्रंकेत कापडात गुंडाळलेला. तो आणायला वैनीला सांगावं लागलं, कारण तो स्वतः उठेना. त्यानं जबड्यात लाकूड धरलं, वाचलं, थोडं फिरवलं, वाचलं, पुन्हा फिरवलं, वाचलं. मग सुरुवातीपासून परत. लाकूड असल्यामुळे केसभर इकडेतिकडे होत असेल, पण आकडा तोच येत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. टेबल, ठिपका, आरपारच्या रेषा, माझी चुकलेली पायरी. या वेळी मी एकही शब्द अवघड केला नाही. तो मध्येच म्हणाला की पिना घासतात त्या यंत्रावर पिन मधोमध पकडलेलीच नसते, दोन चाकांच्या मध्ये ती मोकळी फिरत घासली जाते. एका बाजूला उंचवटा आला की समोरच्या बाजूला तेवढाच खळगा पडत जात असणार. म्हणजे सगळी खेपच तशी निघाली असेल. माझ्यापेक्षा त्याला ते लवकर समजलं. एवढा वेळ त्याला फक्त एवढंच हवं होतं की असं होऊ शकतं, हे कुणीतरी म्हणावं.

"मधनं म्हणजे मी आरपार म्हणालो रे," तो म्हणाला. "तू काय समजलास?"

मी सांगितलं, मध्यापासून. त्यानं लाकूड बोटांत एकदा फिरवलं. मग म्हणाला, एकदा विचारायचं होतंस. आवाजात राग नव्हता. मी माफी मागितली, अगदी शब्द उच्चारून मागितली. आमच्या घरात कुणी कुणाची तशी मागत नाही. शेंगेचा तुकडा मी पाहिला होता, हेही सांगितलं.

वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अण्णा तिच्याकडे वळला. "मी मोजलेलं होतं गं," तो तिला म्हणाला. आणि मग, दोघांपैकी नक्की कुणाला ते कळलं नाही, असं बोलला, "मलाच वाटाय लागलेलं की मी मोजलंच नाही. रोज आठवून बघायचो. पिना आठवायच्या, हात आठवायचा. मोजल्याचं आठवायचं नाही."

मी समजत होतो की सही करून तो लोकांपुढे खोटा ठरला. तो स्वतःपुढे खोटा ठरला होता, पाच महिने, माझ्या एका 'नक्की'वर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वैनीनं पदराला हात पुसले आणि पुढे येऊन ते लाकूड उचलून पाहिलं. तिला त्यातलं काय कळलं ते मला माहीत नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, हे तुम्ही त्या दिवशीच का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, तेव्हा मला माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं, तर होत नाही असं कसं सांगितलंत?"

अण्णानं व्हर्नियर खाली ठेवला. तोही माझ्याकडे बघत होता, उत्तर ऐकायला.